मुंबईची 39 मिनिटे

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी आजच्या नाहूर उपनगराच्या पट्ट्यातूनच गेली. गावोगावची वेळ तेव्हा सूर्यावर ठरे. रेल्वेचे तेवढ्यावर भागेना. पुढे तिने मद्रासची वेळ धरली. 1881 मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी तीच सरकारी कचेऱ्यांवर लादली. मुंबईकरांनी ती मानली नाही आणि 1883 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. 1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या वेळेपेक्षा 39 मिनिटे पुढे. गिरणी कामगार चिडले, कारण पहाटेची हजेरी आणखी अंधारात गेली. महापालिका तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबईच्याच वेळेने चालली.

आज त्याच रुळांशेजारच्या कार्यालयांतले संगणक वेळेवरून भांडत नाहीत. डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला आणि 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल हे काम गुपचूप करतो. समजा, नाहूरच्या संगणकाने दिल्लीच्या सर्व्हरला वेळ विचारली. 40 मिलिसेकंदांनी उत्तर आले, त्यातले 2 सर्व्हरने घेतले. उरले 38, म्हणजे एका बाजूचा प्रवास अंदाजे 19. तेवढे जमेस धरून फरक काढायचा. फरक थोडा असेल तर घड्याळाला उडी मारायला लावत नाहीत. त्याची चाल किंचित वाढवतात किंवा मंदावतात.

फर्ग्युसनसाहेबांना हे सुचले नव्हते. पण त्याहून मोठा धडा दुसरा आहे: हा प्रोटोकॉल कुणा एकावर भिस्त ठेवत नाही. तो अनेक सर्व्हरना विचारतो आणि बहुमताशी न जुळणाऱ्याला बाजूला काढतो. दोनच घड्याळे असली आणि त्यांचे जमले नाही, तर खोटे कोणते ते कळणार कसे?

एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने कंपन्यांना आपली घड्याळे राष्ट्रीय माहिती केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळवण्याचे निर्देश दिले. सायबर हल्ल्याचा माग काढताना दहा यंत्रांच्या नोंदी एकाच वेळेत लागतात, तेव्हा हेतू रास्तच. मात्र सरकारी सर्व्हर गाठता आला नाही किंवा बिघडला, तर काय? म्हणून आदेश पाळताना पडताळणीला इतर स्रोतही हाताशी हवेत आणि सरकारने आपल्या सर्व्हरची अचूकता वेळोवेळी जाहीर करावी. मुंबईकरांनी 1906 मध्ये वेळ कोण ठरवतो, हे उघडपणे विचारले होते. 39 मिनिटांचा फरक डोळ्यांना दिसला, म्हणून विचारता आले. मिलिसेकंद दिसत नाहीत. त्यांचा हिशेब मागूनच घ्यावा लागेल.