पाहुणा नसताना

उसाचं पाचट आपल्याकडे तोडणी झाली की बहुतेक फडातच पेटवून देतात. २०२०च्या ऑगस्टमध्ये मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूरला, माणसं हेच पाचट जाळीच्या कापडात दाबून भरत होती. कापडाची तोंडं शिवायची, तरंगावं म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधायच्या आणि ती लांबच लांब गुंडाळी पाण्यात सोडायची. २५ जुलैला ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज तिथल्या प्रवाळ खडकावर चढून बसलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल सुटलं आणि सुमारे १,००० टन त्या उथळ निळ्या पाण्यात पसरलं. सरकारनं लोकांना सांगून पाहिलं, की हे काम आमच्यावर सोडा. लोकांनी पाचट भरणं थांबवलं नाही.

करोनामुळे तेव्हा देशाच्या सीमा बंद होत्या, हॉटेलं ओस होती. कुणाला दाखवण्यासाठी हे चाललेलं नव्हतं.

यंदाच्या अंकाला ‘बेट’ हा विषय ठरला तेव्हापासून हे पाचट माझ्या डोक्यात आहे. ‘इको-टुरिझम’ या शब्दाचं आता इतकं पीक आलंय, की झावळ्यांनी शाकारलेल्या कुठल्याही खोलीला तो चिकटवतात; आत एसी असला तरी. (आमच्या मलपृष्ठावरही एका रिसॉर्टची जाहिरात आहे, तुम्ही पाहिलीच असेल. अंक त्या पैशावर निघतो, तेव्हा फार ताठ मानेनं बोलायची सोय नाही.) तरी मला वाटतं, बेटावर पाहुणा नसताना तिथं काय चालतं, हे आधी विचारावं.

माहेबूरजवळच ‘इल ओ एग्रेत’ नावाचं बेट आहे, अवघं २६ हेक्टरचं. सरपणासाठी तिथलं अबनुसाचं रान तुटत गेलं होतं. १९६५ मध्ये बेट राखीव झालं. उपरी झाडं उपटायची आणि मूळची लावायची, हे चिवट काम मात्र ऐंशीच्या दशकात सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं माणसांनी कधीच संपवली. म्हणून अल्डाब्राची कासवं आणून सोडली. ती अबनुसाची फळं खातात, बी दूर नेऊन टाकतात, आणि पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. वाटाड्याशिवाय इथं फिरता येत नाही. तिकिटाचे पैसे या कामात जातात. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा पायवाटेवर असंच एक धूड आडवं बसलं होतं. वाटाड्या थांबला, म्हणून आम्हीही थांबलो. घड्याळं बघून झाली, फोटो काढून झाले. कासव एक पान चघळत होतं आणि ते पान काही संपत नव्हतं. तेल आलं त्या दिवसांत इथली हजारो रोपं आणि काही दुर्मीळ पक्षी मुख्य बेटावर हलवले होते, हे त्या खोळंब्यातच कळलं.

हॉटेलात त्या रात्री सेगा नाच होता. झालरींचे घागरे, स्पीकर, जेवणाच्या टेबलांमधून फेरी, अर्ध्या तासात आटोपलं. सेगा गुलामांनी जन्माला घातला. त्याचं मूळ रूप, ‘सेगा तिपिक’, युनेस्कोच्या वारसायादीत २०१४ साली गेलं. त्याची रावान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला मोठा डफ. वाजवण्याआधी विस्तवावर शेकावा लागतो, आपल्या हलगीसारखाच. हॉटेलात विस्तव कुठला? नाचणाऱ्यांना मी दोष देत नाही, पोट त्यांनाही आहे.

१८३४ पासून मळ्यांवर गिरमिटिया मजूर येऊ लागले; त्यांत रत्नागिरीकडची माणसंही होती. पोर्ट लुईला ते जिथं उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. कोकणातली जाखडी त्यांच्याबरोबर गेली आणि तिथं ‘झाकरी’ झाली. घरात बोलणं क्रिओलमध्ये, पण गणपतीपुढं गाणं मराठीत. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. एका घरी आम्ही त्या दिवशी पोचलो. आरती झाली, ढोलकी जुळली, फेर धरला गेला. शब्द अर्धेमुर्धे कळत होते, ठेका पुरा कळत होता. कुणी आमच्यासाठी काही समजावून सांगितलं नाही, की पुन्हा करून दाखवलं नाही. बसायला जागा तेवढी दिली. मी मोबाइल वर धरला, तर गाणाऱ्या आजोबांनी कडवं न तोडता हातानंच खुणावलं: उजेड डोळ्यावर येतोय, बंद करा.

– संपादक