दीडशे तासांत ईसीजी तंत्रज्ञ?



आपल्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या करिअर पुरवणीत बारावीनंतरच्या वाटा सांगणारा चांगला लेख होता. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात ठळक रंगात जाहिरात होती: तीन महिन्यांत ईसीजी टेक्निशियन व्हा, नोकरीची शंभर टक्के हमी. वर्ग रोज दोन तास, रविवारी सुटी. कोणीही गुणाकार करून पाहावा. सगळे मिळून दीडशेच्या थोडे वर तास होतात.

संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा संसदेने २०२१ मध्ये केला. त्याच्या अनुसूचीत ईसीजी तंत्रज्ञाचा व्यवसाय स्पष्टपणे नोंदवला आहे आणि कायद्यातल्या व्याख्येने पदविकेसाठी किमान २००० तासांचे शिक्षण, तेही किमान दोन वर्षांत विभागलेले, ही अट घातली आहे. या कायद्याखालच्या राज्य परिषदेच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला नवा अभ्यासक्रम सुरू करता येत नाही, हेही त्यात आहे. अंमलबजावणी रखडली म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. इतके सगळे होऊनही २००० तासांच्या जागी दीडशे तासांचा माल उघड विकला जातो आणि कोणी विचारत नाही.

मी ईसीजी विभागात नोकरी करून निवृत्त झाले आहे. ‘आता काय, मशीनच निदान छापते, बटण तर दाबायचे’ हे वाक्य मी शिकल्यासवरलेल्या लोकांकडून, काही डॉक्टरांकडूनही ऐकले आहे. मशीनला छाती दिसत नाही. त्याला दिसतात फक्त दहा तारांतून आलेले ठोके, आणि त्या तारा कुठे लावल्या हे मशीनला कोणी सांगत नाही. छातीवरच्या पहिल्या दोन लीड उरोस्थीच्या उजव्या आणि डाव्या कडेला, चौथ्या फटीत लावायच्या असतात. ती फट डोळ्यांनी सापडत नाही. गळ्याखालून बोट सरकवत आणले की उरोस्थीवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, आणि तिथून आणखी दोन फटी खाली मोजत जायचे. न शिकलेला हात अंदाजाने लावतो आणि बहुतेक वेळा वरच लावतो. मग पट्टीवर आर लाट खुजी उमटते आणि मशीन ‘जुना झटका असावा’ असे छापून मोकळे होते. लाल आणि पिवळी क्लिप उलटसुलट झाली, तर पहिली लीड चक्क उलटी येते. असा कागद घेऊन रडवेली झालेली एक शिक्षिका आमच्याकडे आली होती. चार दिवस तिने घरात कोणाला सांगितले नव्हते. नीट मोजून पुन्हा ईसीजी काढला, तो अगदी नॉर्मल होता. तिचे ते चार दिवस कोणाच्या खात्यावर लिहायचे?

स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. चौथ्या लीडपासून पुढच्या लीड स्तनाखाली लावायच्या असतात. पडदा ओढणे, अंगावर चादर देणे, आपण काय करणार आहोत ते आधी सांगणे, शक्य असेल तर सोबत मावशींना उभे करणे, हे सारे शिकवावे लागते. तीन महिन्यांच्या वर्गात मुले एकमेकांच्या मनगटाला क्लिप लावून ‘प्रॅक्टिकल’ करतात. पुढे खऱ्या बाईसमोर आली की संकोचून ब्लाऊजच्या कडेने जमेल तिथे ईसीजीचे रबरी बल्ब चिकटवतात. त्यात बाईचा मानही जातो आणि ईसीजीही चुकतो.

आणि खरी वेळ येते ती रात्री. छातीत दुखणारा माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी हातात हवा, हा जगभर मानलेला नियम आहे. दुसरी, तिसरी आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर गेलेला दिसला, की जाणता तंत्रज्ञ डॉक्टरांनी सांगण्याची वाट न पाहता छातीच्या उजव्या बाजूची लीडही काढून ठेवतो. कारण हृदयाच्या उजव्या कप्प्याला धक्का पोचला असेल आणि अशा वेळी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हे दीडशे तासांत शिकवतात का? माझे उत्तर नाही असे आहे. ते शिकायला वॉर्डात उभे राहून शेकडो माणसांच्या छातीवर हात ठेवावा लागतो.

या वर्गांच्या भिंतींवर प्रमाणपत्रांच्या चौकटी टांगलेल्या असतात: उद्यम नोंदणी, आयएसओ ९००१, ट्रस्टची नोंदणी. यातल्या एकाचाही ईसीजी शिकवण्याच्या मान्यतेशी संबंध नाही. पण गावाकडून आलेल्या पोराला सोनेरी शिक्का दिसतो आणि सोसायटीचे कर्ज काढून बाप फी भरतो. पुढे एखाद्या लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर तो मुलगा ईसीजीही काढतो, रक्तही घेतो आणि पावत्याही फाडतो. मी त्या मुलाला दोष देत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा तीन वर्षांचा बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञान पदवी) अभ्यासक्रम आहे, त्यात हृदयविभागाच्या तंत्रज्ञाची शाखा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या लेखातही ते एका ओळीत उरकले होते, जाहिरातीला मात्र अर्धे पान मिळाले.

ओघात आलेच आहे तर मोफत हृदय तपासणी शिबिरांबद्दलही लिहिते. कोणाचा वाढदिवस असो की मंडळाचा गणपती, मांडवात दोन टेबले टाकून ईसीजी काढले जातात. काढणारे हात याच वर्गांतल्या मुलांचे, कारण त्यांना तेच ‘प्रशिक्षण’ म्हणून मोजून दिले जाते. पट्टी निघते थर्मल कागदावर. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून म्हाताऱ्या माणसाला दिली जाते आणि तो ती उन्हापावसात वर्षभर जपून ठेवतो. थर्मल कागद ऊन आणि प्लास्टिक दोन्हींनी पुसट होतो. पुढे खरोखर दुखले तर जुना ईसीजी जोडून पाहायला डॉक्टरांच्या हाती कोरी पट्टी येते. निदान एक झेरॉक्स काढून द्या, मोबाईलवर फोटो काढून द्या, एवढे सांगणाराही तिथे कोणी नसतो.

राज्य परिषदेने मान्य संस्थांची यादी जिल्हावार, मराठीत, वर्तमानपत्रांतून छापावी आणि प्रवेशाच्या हंगामात दरवर्षी छापावी. परिषद ते करेपर्यंत आपल्या हातात असलेली गोष्ट आपण करू शकता. वैद्यकीय तंत्रज्ञ घडवू म्हणणारी कोणतीही जाहिरात स्वीकारण्यापूर्वी आपल्या जाहिरात विभागाने मान्यतेचा आदेश आणि त्याचा क्रमांक मागावा, जाहिरातीत तो छापावा आणि एकूण शिक्षणाचे तासही छापायला लावावेत. आदेश नसेल तर जाहिरात परत पाठवावी. पुढच्या रविवारची पुरवणी मी याच नजरेने पाहणार आहे.

— एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ, सांगली