जखमी जवानाला गावातच हुन्नर आणि हाताला काम मिळू द्या!

हिमायतनगर तालुक्यातील बंधू-भगिनींनो,

ड्युटीवर जखमी होऊन, मेडिकल बोर्डासमोर उभे राहून ज्यांना ऐन उमेदीत घरी परतावे लागले, त्या आपल्या जवानांसाठी हे आवाहन आहे. आपण त्यांना वेशीवर फेटा बांधतो, १५ ऑगस्टला झेंड्याजवळ मानाने उभे करतो. एवढे केले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजू नका. तिशीतल्या माणसापुढे तीस-पस्तीस वर्षे कमावण्याची असतात. मानासोबत त्याला नवे काम हवे, आणि ते शिकण्याची सोय घराजवळ हवी.

‘शेती आहे, पेन्शन आहे, मग काय कमी आहे?’ असे पारावर सहज बोलले जाते. पाऊस झाल्यावर आपल्या काळ्या रानात कृत्रिम पायाने चालणाऱ्याला एकदा बघा. पाऊल चिखलात रुतते, ते उपसताना सगळा ताण गुडघ्यावर येतो. पाय कापल्यानंतरच्या काळात उरलेला भाग बारीक होत जातो, कृत्रिम पायाची वाटी (सॉकेट) सैल पडते, घामाने कातडी सोलते. मग वाटी नव्याने बसवून घेईपर्यंत फवारणीचा पंप पाठीवर घेणे सोडाच, धुऱ्यापर्यंत जाणे कठीण होते. पेन्शनचेही सरसकट नाही. साधारणपणे अपंगत्व किमान २० टक्के आणि सेवेमुळे आलेले ठरले, तरच अपंगत्वाची पेन्शन लागू होते. त्यासाठी काहींना लष्करी न्यायाधिकरणापर्यंत जावे लागते.

या जवानांना काम शिकवता येते, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच दाखवले. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्यांसाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती आज पुण्याजवळ खडकीला आहे आणि अपंग जवानांना तंत्रशिक्षण देते. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून चालू आहे, तर कमरेखालचे बळ गेलेल्यांसाठी खडकीलाच १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले आणि पुढे टेल्कोत नोकरी केली. उपचार, सराव आणि पगार मिळाला की जखमी जवान काय करू शकतो, याचे हे उदाहरण.

अडचण अंतराची आहे. हिमायतनगरहून पुणे म्हणजे आधी नांदेड, मग रात्रभराचा प्रवास. लेकरेबाळे, म्हातारे आई-वडील आणि उभे पीक सोडून कित्येक महिने खडकीला राहणे सगळ्यांना जमत नाही. म्हणून शिक्षण तालुक्यात आले पाहिजे.

घाई आताच का? फौजेत चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस दाखल झाली. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होऊ लागतात. कायम सेवेत घेतले जातील ते जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे पेन्शनशिवाय घरी येतील, त्यांत जखमी झालेलेही असतील. सेवेमुळे अपंगत्व आलेल्या अग्निवीराला टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकरकमी देण्याची तरतूद आहे, पण महिन्याच्या महिन्याला येणारी अपंगत्वाची पेन्शन नाही. हातात हुन्नर नसेल तर ती रक्कम किती वर्षे पुरेल?

म्हणून कळकळीची विनंती:

१. ग्रामपंचायती आणि नगरपंचायतीने आपापल्या हद्दीतील जखमी जवानांची नोंद करावी. स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीतून त्यांना अवजारे आणि यंत्रे द्यावीत.

२. तालुक्याच्या आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी कमी मुदतीचे वर्ग भरावेत. मोटार रिवाइंडिंग, सोलर पंपाची दुरुस्ती, संगणकावरचा हिशेब ही कामे बसूनही करता येतात. वर्ग तळमजल्यावर असावेत आणि दाराशी रॅम्प असावा.

३. नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने महिन्यातून एक दिवस हिमायतनगर तहसीलमध्ये शिबिर घ्यावे. पेन्शनची कागदपत्रे, कर्ज योजना आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डाचे अर्ज तिथेच मार्गी लागावेत. फौजेच्या बोर्डाचा कागद असला तरी सरकारी नोकरीतील दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणासाठी हे प्रमाणपत्र काढावेच लागते.

४. व्यापारी, जिनिंगवाले, कृषी केंद्रचालक आणि पतसंस्थांनी किमान एक जागा अशा जवानासाठी ठेवावी. काटा, गोदाम आणि हिशेबाच्या कामाला शिस्तीचा माणूस लागतोच. पगार मात्र रीतसर द्या, दया म्हणून देऊ नका.

५. घरच्यांनी डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचे कागद जपून ठेवावेत, प्रती काढून घ्याव्यात. निवृत्त फौजींनी अर्ज भरताना सोबत जावे.

दरवर्षी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण निधी देतो, तो द्यायचाच. पण यंदा त्यासोबत एक ठरावही करू या. येत्या ग्रामसभेत वरच्या मागण्या मांडा आणि ठरावाची प्रत तहसीलदार व सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्या. ठराव लिहिण्याआधी मात्र गावातल्या त्या जवानाच्या घरी जा. तुम्हाला काय शिकायचे आहे, कुठले काम करायचे आहे, हे त्यांनाच विचारा, आणि ते सांगतील तेही ठरावात लिहा.

आपला,
हिमायतनगरचा एक नागरिक