पहिली गृहचौकशी फोनवर नको

नव्याने रुजू झालेल्या परिवीक्षा अधिकाऱ्यांची पत्रे सध्या सतत येत आहेत आणि सर्वांची तक्रार एकच आहे. पहिल्या दिवशी हातात पडली ती योजनांची थकलेली प्रकरणे आणि ‘नमुना’ म्हणून आधीच्या कोणाच्या तरी अहवालाची झेरॉक्स. गृहचौकशी कशी करायची हे कोणीच सांगितले नाही. तुरुंगाधिकारी निवडला गेला की येरवड्याच्या दौलतराव जाधव महाविद्यालयात त्याचे प्रशिक्षण होते. माणसाला तुरुंगात धाडायचे की नाही, हे ठरवताना न्यायालयाने ज्याचा अहवाल वाचायचा, त्याला मात्र एक झेरॉक्स पुरते! वरच्या कार्यालयांना यात काहीच वावगे वाटत नाही, याची चीड येते.

त्या झेरॉक्सचे पुढे काय होते, ते आपण सारे जाणतो. बाल न्याय अधिनियमाने अहवालाला १५ दिवस दिले आहेत. गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, प्रवासभत्त्याचे मागचे देयक अडकलेले, दौऱ्याला मंजुरी नाही. मग पोलीस पाटलांना एक फोन, आईला एक फोन, आणि नमुना ६ मध्ये तीच वाक्ये उतरतात: आर्थिक परिस्थिती बेताची, परिसर झोपडपट्टीचा, संगत वाईट. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलगा कोणाकडे असतो, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, मामा ठेवून घ्यायला तयार आहे का, यातले काही कागदावर येत नाही. असे अहवाल दंडाधिकाऱ्यांनी तरी का वाचावेत? १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ६ नुसार २१ वर्षांखालील आरोपीला कैद देण्याआधी आपला अहवाल मागवायचा असतो. तो मागवलाच जात नाही, अशी ओरड आपण करतो. ती रास्तच आहे, पण मागवलेला अहवाल झेरॉक्ससारखा निघाला तर ओरडायला तोंड कुठे उरते?

त्यात १ जुलै २०२४ पासून सामुदायिक सेवेची शिक्षा आली आहे. ती पार पडते की नाही हे कोणी पाहायचे, ते नव्या फौजदारी संहितांत लिहिलेले नाही. न्यायालये उद्या आपल्याकडेच बोट दाखवतील.

वरिष्ठ सहकाऱ्यांनो, प्रशिक्षणाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. नव्या अधिकाऱ्याला पहिल्या काही गृहचौकश्यांना सोबत न्या. शेजाऱ्यांशी बोलताना प्रकरणाचा बोभाटा कसा होऊ द्यायचा नाही, हे त्याला डोळ्यांनी पाहू द्या.

आणि नव्यांनो, पुढच्या स्पर्धा परीक्षेपर्यंतचा थांबा म्हणून या खुर्चीत बसू नका. भेटीची तारीख, वेळ आणि कोणाशी बोललात ते अहवालात लिहा. घरी गेला नसाल तर ‘दौरा मंजूर न झाल्याने भेट झाली नाही’ असे स्पष्ट लिहा. ते बाल न्याय मंडळासमोर एकदा येऊ द्या. १९५८ च्या अधिनियमाच्या कलम ४ खाली सुटलेल्याला त्यातले कलम १२ समजावून सांगा. दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता आपल्याला लागत नाही, हे त्याला ठाऊकच नसते.

नव्यांना सोबत न्यायला जे तयार असतील त्यांनी नाव आणि जिल्हा आम्हाला कळवावा. पुढच्या अंकात यादी छापू.