लाडू कोणी वळले?

दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या रत्नागिरीत घरोघर दोन आवाज ऐकू येतात. स्वयंपाकघरातून चकलीच्या तळणाचा आणि बाहेरच्या खोलीतून टीव्हीवरच्या कार्टूनचा. पहिल्या आवाजाबद्दल कोणाची तक्रार नसते. दुसऱ्यावरून मात्र आईबापांची परिषद भरते आणि त्या परिषदेत सर्वांत गंभीर चेहरे आमच्या समाजवादी मित्रांचे असतात.

इतरांचे सोपे आहे. पोराचे डोळे बिघडू नयेत आणि अभ्यास बुडू नये, एवढीच त्यांची काळजी. डाव्या विचारांच्या आईबापांना तिसरीही एक काळजी असते. पोराचे विचार बिघडू नयेत!

ही काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही, आणि आमच्या जिल्ह्याने तर ती मुळीच नेऊ नये. साने गुरुजी इथलेच, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. गोष्ट ही मुलाच्या मनात शिरण्याची सर्वांत जवळची वाट आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर खेळ, गाणी आणि गोष्टी यांतूनच समता शिकवली गेली. गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला चालवली. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून बॅ. नाथ पै आणि १९७१ पासून प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवले. त्या वातावरणात वाढलेली मुले आता आजोबा-आजी झाली आहेत आणि त्यांच्या नातवंडांच्या हाती रिमोट आला आहे.

माझ्या ओळखीचे असेच एक जोडपे आहे. दोघेही शिक्षक, मोर्चाला जाणारे, मुलीच्या वाढदिवसाला पुस्तके वाटणारे. यंदा सुट्टीच्या आधी त्यांनी नऊ वर्षांच्या कन्येने काय पाहावे याची रीतसर यादी केली आणि मला दाखवली.

यादीतून ‘छोटा भीम’ बाद झाला होता. २००८ पासून हा ढोलकपूरचा पहिलवान लहान मुलांवर राज्य करतो आहे. पण आमच्या मित्राचे आक्षेप चार. तिथे राजा इंद्रवर्मा आहे आणि त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. संकट आले, की गाव एकत्र येत नाही, एकटा भीम येतो. ही व्यक्तिपूजा झाली. दांडगट मुलाचे नाव नेमके कालिया, म्हणजे काळा तो वाईट. आणि चुटकी लाडू आणून देणार, भीम ते खाणार. ‘मोटू पतलू’चा निकाल एका ओळीत लागला होता: समोशाखेरीज ध्येय नाही. खरे सांगायचे, तर यातला एकही आक्षेप मला खोडता आला नाही.

मग उरले काय? सेसमी स्ट्रीटचा २००६ साली आलेला भारतीय अवतार, ‘गली गली सिम सिम’. त्यातली चमकी शाळेच्या गणवेशात ठसक्याने वावरते. आणि विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’, म्हणजे जाळ्यासकट उडून जाणाऱ्या चिमण्यांचा छोटा चित्रपट. त्यातली चित्रे भीमसेन यांची. तेव्हा भीमाने या यादीतही मागच्या दाराने प्रवेश मिळवला होता, हे मी मित्राच्या नजरेस आणून दिले.

हा चित्रपट मलाही प्रिय आहे. त्याची गोष्ट मूळ पंचतंत्रातली. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपल्या मित्राला, हिरण्यक उंदराला, सांगतो, की आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे मागाहून. समाजवादाचा याहून सोपा धडा मला तरी ठाऊक नाही.

पडद्यावरच्या अशा साध्या चित्राची ताकद विरुद्ध बाजूलाही कळते बरे! अमेरिकेत १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाले. गोरी आणि काळी माणसे एकाच गल्लीत आनंदाने राहतात, एवढेच त्यात दिसत होते. १९७० साली मिसिसिपी राज्यातल्या सरकारी मंडळाने तो कार्यक्रम आपल्याकडे दाखवायचा नाही असे ठरवले. बाहेर बभ्रा झाला, तेव्हा काही आठवड्यांत निर्णय फिरवावा लागला. तेव्हा मुलांना काहीही पाहू द्या, त्याने काय होते, असे मी म्हणणार नाही.

पण आमच्या कन्येने चिमण्यांचा चित्रपट तीनदा पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि विचारले, “आता भीम लावू?”

आईबापांचे चेहरे उतरले. मी म्हटले, लावा. मीही तिच्याशेजारी बसलो. टुनटुन मावशीचे लाडू आले, तेव्हा विचारले, “हे लाडू वळले कोणी?”

“मावशीने.”

“भीमाने पैसे दिले?”

“कधी कधी चुटकी गुपचूपच देते.”

“मग मावशीचे भागते कसे?”

तिने विचार केला. “राजा देत असेल.”

“आणि राजाकडे कुठून येतात?”

“लोकांकडून.” मग एकदम उठून बसत म्हणाली, “म्हणजे काका, ते पण मावशीचेच!”

अर्थशास्त्राचा हा पाठ यादीबाहेरच्या कार्यक्रमाने दिला. मित्र खूश झाला. मात्र पोरीचा प्रश्न ढोलकपुरात थांबला नाही. ती म्हणाली, “आपल्याकडचे लाडू पण मावशींनीच वळलेत. मग त्यांचा चहाचा पेला खिडकीत वेगळा का?”

खोलीत कोणी बोलले नाही. घरकामाच्या बाईंचा स्टीलचा पेला खिडकीत पालथा होता. तो वेगळा ठेवायचे कोणी ठरवले नव्हते. आजीच्या वेळेपासून तो तिथे होता, इतकेच. संध्याकाळी मित्राने तो उचलून सगळ्यांच्या भांड्यांत ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशींनी सवयीने खिडकीत हात घातला, पेला सापडेना, तेव्हा त्याच ओशाळल्या. “माझा माझा असलेला बरा,” म्हणाल्या. पोरीने त्यांना फुलाफुलांच्या कपात चहा नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण उभ्यानेच प्यायल्या.

‘श्यामची आई’ गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तीत आई श्यामला म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून द्यायला पाठवते; पण घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. आजचे मूल विचारते, “आंघोळ कशाला?” हा प्रश्न टाळण्यासाठी पुस्तक लपवायचे नसते. त्या आईने तिच्या काळात एक पाऊल टाकले, पुढचे आपले, हे मुलाला सांगायचे असते.

म्हणून माझे आईबापांना सांगणे एवढेच, की यादी जरूर करा, पण यादी करून स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. शेजारी बसा. काम कोण करते, खाते कोण आणि हसतात कोणाला, हे तीन प्रश्न कुठल्याही कार्टूनला पुरतात. मात्र तेच प्रश्न मूल उद्या आपल्या घराला विचारील, याची तयारी ठेवा.

आणि यंदा फराळाची ताटे भरताना, ज्यांनी लाडू वळले त्यांना आधी बसवा. उभ्याने नव्हे.