हत्तींची वाट आणि प्रवाशांचा कॅमेरा

मेट्टुपालयमहून सुटलेली निलगिरीची छोटी गाडी कल्लार ओलांडते आणि दातेरी रुळाच्या आधाराने घाट चढू लागते. साडेबारा फुटांना एक फूट असा हा चढ; वेग सायकलस्वारानेही मागे टाकावे इतका मंद. हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेते तेव्हा डबे रिकामे होतात. अलीकडे मी तेथेच उभा असताना रुळापलीकडच्या झाडीत फांदी मोडल्याचा आवाज झाला आणि पंधरा-वीस प्रवासी मोबाइल उंचावून रूळ ओलांडत धावले. झाडीत हत्तीण होती, सोबत पिलू. तिने तोंड वळवावे म्हणून कोणीतरी शीळ घातली. गार्डच्या शिटीने मंडळी परतली. हत्तीण मात्र रूळ न ओलांडताच माघारी गेली.

हा मार्ग कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये खुला झाला आणि २००५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. पायथ्याचे कल्लार हा हत्तींच्या ये-जा करण्याचा पट्टा. शेजारून वाहता रस्ता, मधून रूळ. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात निघालेल्या कळपाला हे दोन्ही ओलांडावे लागतात. ओलांडण्याची संधी हुकली, तर कळप ताटकळतो किंवा भलत्या जागी रस्त्यावर येतो.

मी छायाचित्रणाच्या विरोधात नाही. २०२२ च्या आरंभी याच मार्गालगत उभारलेल्या भिंतीपाशी अडलेल्या हत्तींचे चित्रीकरण राज्याच्या वन सचिवांनी समाजमाध्यमावर मांडले आणि रेल्वेला ती भिंत पाडावी लागली. शंभर अर्जांनी कदाचित झाले नसते ते काही सेकंदांच्या दृश्याने केले. त्या कॅमेऱ्याने हत्तींची अडचण टिपली. हिलग्रोव्हचे कॅमेरे स्वतःच ती अडचण होऊन बसले होते.

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अभयारण्यातील छायाचित्रणाला अट घातली, ती अशी की अधिवासात बदल होता कामा नये, प्राण्यांना उपद्रव होता कामा नये. पण ही अट अभयारण्यात प्रवेशाच्या परवान्याशी बांधलेली आहे. रेल्वेच्या थांब्यावर उतरलेल्या प्रवाशाकडे असतो तो केवळ तिकिटाचा कागद. रुळावर विनापरवाना वावरणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार दंडनीय आहे खरे, तथापि सहलीच्या गाडीत त्याचा बडगा उगारण्याची कोणाला हौस असणार? माकडांना बिस्किटे दाखवून जवळ बोलावणाऱ्यांना तर आपण दयाळूच म्हणतो.

म्हणून कलम २८ मधील तीच अट रेल्वे आणि वन विभागाने संयुक्त आदेशाने कल्लार ते कुन्नूर या टप्प्याला लावावी, तिकिटावर तमिळ, हिंदी व इंग्रजीत छापावी. हिलग्रोव्हला गाडी थांबण्यापूर्वी वनरक्षकाने झाडीचा अंदाज घ्यावा आणि कळप जवळ असेल त्या दिवशी डब्यांची दारे बंदच राहावीत. छायाचित्र खिडकीतूनही निघते.