धूर नाही हो, पाणी आहे ते!

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक ठरलेला संवाद ऐकू येतो. "अहो, तुमच्या गाडीतून धूर येतोय, दाखवून घ्या एकदा." दाखवायला नेली की गॅरेजवाला सायलेन्सरकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "साहेब, पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागेल." झालं! दोन वर्षांची धडधाकट गाडी, आणि खिशाला हजारोंची कात्री. का, तर बाहेर थंडी होती म्हणून.

हा प्रकार माझ्या अक्षरशः डोक्यात जातो. ज्वलनाचं समीकरण आपण सगळे शाळेत घोकून आलोय. इंधन अधिक ऑक्सिजन, बरोबर कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी. मार्क मिळाले, विषय संपला. पण ते पाणी जातं कुठे, हे कुणी विचारलंच नाही! हिशोब मांडून बघा. पेट्रोल म्हणजे ढोबळमानाने ऑक्टेन धरू. ११४ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळलं की १६२ ग्रॅम पाणी होतं. (जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, जादू नाही.) लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळपास एक लिटर पाणी. पुण्याहून मुंबईला जाताना आपण आठ-दहा लिटर पाणी एक्सप्रेसवेवर सोडत जातो राव! सीएनजीवाले तर आणखी पुढे. किलोभर मिथेनमागे सव्वादोन किलो पाणी.

मग एरवी दिसत का नाही? कारण खरी वाफ दिसतच नाही. कुकरची शिटी होते तेव्हा नीट बघा. अगदी तोंडाशी काहीच नसतं, पांढरा झोत जरा वर सुरू होतो. तो झोत म्हणजे वाफ गार होऊन झालेले बारीक थेंब. गाडीचंही तेच. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून जे बाहेर पडतं, त्यात सात-आठ भागांत एक भाग वाफ असते. ती साधारण ५० अंशांच्या खाली आली की थेंब धरायला लागते. सकाळी सायलेन्सरचा पत्रा गारठलेला असतो, म्हणून आतच पाणी साठतं आणि टपटप गळतं. उरलेली वाफ बाहेरच्या गार हवेत पांढरी दिसते. पत्रा तापला की गळणं बंद. मुंबईकरांना हे फारसं दिसत नाही, कारण तिथे तेवढी थंडीच पडत नाही. तीच गाडी जानेवारीत पहाटे महाबळेश्वरला सुरू करा, मग बघा.

आता उलट्या बाजूची एक जमात आहे. सायलेन्सरमधून पाणी गळताना दिसलं की हे खूश! "इंजिन एक नंबर आहे, ॲव्हरेज मस्त देणार." अहो, त्या पाण्यावरून एवढंच कळतं की पाइप अजून गार आहे.

हेड गॅस्केट जातच नाही असं मी म्हणत नाही. जातं, आणि गेलं तर खर्चात पाडतं. पण त्याची लक्षणं वेगळी. गाडी पंधरा-वीस मिनिटं पळून चांगली तापली तरी दाट पांढरा लोट थांबत नाही, त्याला गोडसर वास येतो, कूलंटची टाकी बाहेर गळती नसताना रिकामी होत जाते, टेंपरेचरचा काटा चढतो. साधी वाफ काही फुटांत विरून जाते. जळलेल्या ऑइलचा निळसर धूर मागे रेंगाळतो. हे तपासायला पाच मिनिटं आणि फुकटचं नाक लागतं. लॉग न वाचता थेट सर्व्हर फॉरमॅट करायला निघालेल्या माणसाला आपण ऑफिसात काय म्हणू? मग गॅरेजमध्ये मान का डोलावतो?

आणि खरी चीड पुढेच आहे. या वाफेला घाबरणारी मंडळीच रोज सकाळी गाडी "गरम करायला" दहा-दहा मिनिटं पार्किंगमध्ये चालू ठेवतात. पांढरं दिसायचं थांबलं की यांच्या मते इंजिन "साफ" झालं. प्रत्यक्षात सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर २५०-३०० अंशांच्या आसपास तापेपर्यंत धड कामच करत नाही. म्हणजे वाफ दिसते त्याच पहिल्या मिनिटांत कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल सर्वात जास्त बाहेर पडतं. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि बंद जागेत तो माणूस मारतो. बेसमेंट पार्किंगमध्ये स्कूलबसची वाट बघणारी पोरं नेमकी त्याच उंचीवर उभी असतात! निरुपद्रवी पाण्याची तक्रार सोसायटीच्या मीटिंगमध्ये होते, याची कधीच नाही.

कार्बुरेटर आणि चोकचा जमाना केव्हाच संपला. इंजेक्शनची गाडी सुरू करा, अर्धा मिनिट थांबा आणि हळूहळू निघा. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते. दूधपिशवीपुरती रोज अर्धा किलोमीटर गाडी काढणाऱ्यांनी मात्र पाण्याचं खरंच मनावर घ्यावं. तेवढ्यात सायलेन्सर तापत नाही, पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून गंजतो. त्यासाठीच बऱ्याच सायलेन्सरना खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते "लीकेज" म्हणून वेल्डिंगने बुजवून देणारे महाभागही आहेत, आणि त्याचे पैसे देणारेही.